पंचविसाव्या वर्षी पुन्हा परीक्षा : शिक्षकांची टीईटी आणि आपली घरे

आपल्या मंडळाचा कोणताही कार्यक्रम घ्या, कोजागिरी असो की गणेशोत्सवातली वक्तृत्व स्पर्धा. सूत्रसंचालन करायला, परीक्षक म्हणून बसायला, मुलांना रांगेत उभे करायला शाळेतल्या बाई आणि सर हमखास पुढे असतात. इंदूरच्या मराठी घरांत शिक्षकी पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. यांपैकी काही घरांत सध्या संध्याकाळी वेगळेच चित्र दिसते. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मुलगा बारावीचा अभ्यास करत असतो आणि दुसऱ्या बाजूला आई चष्मा सावरत बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवत असते. पंचवीस-सत्तावीस वर्षे दुसऱ्यांचे पेपर तपासणाऱ्या बाई आता स्वतः पेपर द्यायच्या तयारीत आहेत.

ही वेळ त्यांच्यावर का आली, नेमकी कोणावर आली आणि तयारी कशी करावी, याबद्दल मंडळातल्या गप्पांत बरीच अर्धवट माहिती फिरते. ती नीट मांडावी म्हणून हा लेख.

निकाल काय आहे

सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी एक निकाल दिला. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो ओळखला जातो. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावीच लागेल, असे त्यात म्हटले आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ नुसार शिक्षकांची किमान पात्रता ठरवण्याचे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आले. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी आवश्यक केली. त्याआधी लागलेल्या शिक्षकांना ही अट आपल्यासाठी नाही असेच वाटत होते, आणि तसे वाटायला त्या अधिसूचनेत जागाही होती. २०२५ च्या निकालाने ती जागा बुजवली.

निकालात शिक्षकांचे दोन गट केले आहेत.

पहिला गट म्हणजे निकालाच्या दिवशी ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरला होता ते. त्यांना टीईटी न देता निवृत्तीपर्यंत नोकरीत राहता येईल. मात्र बढती हवी असेल तर परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल.

दुसरा गट म्हणजे कायदा येण्यापूर्वी लागलेले, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेले शिक्षक. त्यांना निकालापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंत, परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. न झाल्यास नोकरी सोडावी लागेल. त्यांना सक्तीने निवृत्त करता येईल आणि नियमाप्रमाणे देय असलेले सेवानिवृत्तीचे लाभ द्यावे लागतील. त्या लाभांसाठी आवश्यक तेवढी पात्र सेवा झालेली असावी, ही अट आहेच. सेवा थोडी कमी पडत असेल तर शिक्षकाच्या निवेदनावर विभागाने विचार करावा, असेही निकालात आहे.

नववी ते बारावीला शिकवणारे या निकालाच्या कक्षेत येत नाहीत. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसल्यामुळे काही घरांत विनाकारण काळजी पसरली आहे.

या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून काही राज्यांनी आणि शिक्षक संघटनांनी हालचाल केली. मात्र याचिका दाखल झाली एवढ्यानेच मुदत थांबत नाही. संघटनेच्या सभेत कोणी काहीही सांगो, अभ्यास चालू ठेवणेच शहाणपणाचे. सूट मिळाली तर अभ्यास वाया जाणार नाही, पण अभ्यास केला नाही आणि सूटही मिळाली नाही तर दोन्हीकडून नुकसान आहे.

वय तेच, राज्य वेगळे

आपली नातीगोती बडोदा, बेळगाव, हैदराबाद, गोवा अशी पसरलेली आहेत. त्यामुळे फोनवर हमखास विचारणा होते, "बडोद्याच्या ताईंना द्यावी लागत नाही, मग तुम्हालाच का?" याचे उत्तर निवृत्तीच्या वयात आहे.

जून १९७२ मध्ये जन्मलेल्या चार शिक्षिका आहेत असे समजू. गुजरातमध्ये निवृत्तीचे वय ५८ असल्याने बडोद्याच्या बाई २०३० मध्ये निवृत्त होतील. निकालाच्या दिवशी त्यांची पाच वर्षांपेक्षा थोडी कमी सेवा उरली होती, म्हणून त्या पहिल्या गटात जातात. कर्नाटकात हे वय ६० आहे. बेळगावच्या बाई २०३२ पर्यंत नोकरीत राहतील, म्हणजे दुसऱ्या गटात. तेलंगणात वय ६१, त्यामुळे हैदराबादच्या बाईही दुसऱ्या गटात. मध्य प्रदेशात शिक्षकांचे निवृत्तीचे वय ६२ आहे. आपल्या इंदूरच्या बाईंची जवळजवळ नऊ वर्षे बाकी आहेत, त्यांना परीक्षा द्यावीच लागेल. निवृत्तीचे वय वाढले तेव्हा आपण पेढे वाटले होते. त्याच वाढीव वर्षांनी आता परीक्षेच्या खोलीत आणून बसवले आहे.

आपल्याकडे १९९८ च्या सुमारास शिक्षाकर्मी म्हणून लागलेले, पुढे अध्यापक संवर्गात आणि २०१८ नंतर नव्या शिक्षक संवर्गात आलेले अनेक जण याच दुसऱ्या गटात मोडतात. या मंडळींनी अभ्यासाबरोबर आणखी एक काम आजच करावे. सेवापुस्तिका काढून जन्मतारीख, पहिल्या नेमणुकीची तारीख आणि संवर्गबदलाच्या नोंदी तपासाव्यात. चूक सापडली तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी मुदतीची वाट पाहू नये.

मराठी संस्थांच्या शाळांचे काय

महाराष्ट्राबाहेर आपण भाषिक अल्पसंख्याक आहोत. घटनेच्या कलम ३० नुसार भाषिक अल्पसंख्याकांनाही आपल्या शाळा स्थापून चालवण्याचा अधिकार आहे, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरते, हे टी. एम. ए. पै खटल्यात २००२ साली स्पष्ट झाले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असे म्हटले होते. २०२५ च्या खंडपीठाला त्या मताबद्दल शंका वाटली, म्हणून हा प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी पाठवला गेला. त्याचा निर्णय लागेपर्यंत धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकांनी स्थापलेल्या आणि चालवलेल्या शाळा वगळून इतर सर्व शाळांना कायदा पाळावा लागेल, असे निकालात आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. शाळेच्या पाटीवर मराठी नाव आहे किंवा संस्थेचे विश्वस्त मराठी आहेत, एवढे पुरेसे नाही. संस्थेकडे भाषिक अल्पसंख्याक दर्जाची कागदपत्रे आहेत का, हे विश्वस्तांनी पाहावे आणि शिक्षकांना लेखी कळवावे. दुसरे म्हणजे, मराठी माणूस सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेत शिकवत असेल तर त्याला ही सवलत मिळत नाही. सवलत शाळेच्या दर्जावरून ठरते, शिक्षकाच्या मातृभाषेवरून नाही.

अल्पसंख्याक शाळेतल्या शिक्षकांनीही परीक्षा देऊन ठेवावी, असा माझा सल्ला राहील. मोठ्या पीठाचा निर्णय कोणत्या बाजूने लागेल, यावर कोणी आपली नोकरी टांगून ठेवू नये.

परीक्षा कशी असते

टीईटी राज्ये घेतात आणि केंद्रीय पातळीवर सीबीएसई घेते. केंद्राच्या परीक्षेला सीटीईटी म्हणतात. राज्यांच्या परीक्षाही एनसीटीईच्या मार्गदर्शक सूचनांवरच बेतलेल्या असतात. आपल्या शाळेसाठी कोणती परीक्षा ग्राह्य धरली जाईल, हे अर्ज भरण्यापूर्वी जिल्हा शिक्षण कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

सीटीईटीमध्ये पहिली ते पाचवीसाठी पेपर पहिला आणि सहावी ते आठवीसाठी पेपर दुसरा असतो. प्रत्येक पेपरात १५० प्रश्न, १५० गुण आणि अडीच तास वेळ. म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट. चार पर्यायांतून एक निवडायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही.

पहिल्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच विभागांना प्रत्येकी ३० गुण आहेत. दुसऱ्या पेपरात बालविकास आणि दोन भाषा तशाच, उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एकाला. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत असते. प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य असते आणि परीक्षा कितीही वेळा देता येते.

सीटीईटीच्या वीस भाषांत मराठी आहे. पहिली भाषा म्हणून मराठी घेतली तर त्या ३० गुणांत उताऱ्यावरचे प्रश्न आणि भाषा-अध्यापनाचे प्रश्न निम्मे-निम्मे असतात. घरात मराठी वाचन असणाऱ्याला हा विभाग मोठा आधार ठरतो. मात्र बालविकास, गणित आणि परिसर अभ्यास यांचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत येतात.

९० चा आकडा घाबरवणारा वाटतो, म्हणून एक हिशेब मांडून पाहू. बालविकासात २२, मराठीत २४, दुसऱ्या भाषेत १८, परिसर अभ्यासात १६ आणि गणितात १२ मिळाले तर बेरीज ९२ होते. म्हणजे गणितात तीसपैकी अठरा चुकले तरी माणूस उत्तीर्ण होऊ शकतो. पंचवीस वर्षे फक्त भाषाच शिकवलेल्या बाईंनी हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

अनुभवी शिक्षक कुठे अडखळतात

"इतकी वर्षे शिकवले, आता आम्हाला कोण शिकवणार?" हा उद्वेग समजण्यासारखा आहे. पण जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसले की एक गोष्ट ध्यानात येते. अनुभवी शिक्षकाची अडचण बहुतेक वेळा माहितीची नसते. सवय त्याला आडवी येते.

एक नमुना घ्या. मूल वजाबाकीत पुन्हा पुन्हा तीच चूक करते, शिक्षकाने काय करावे? पर्याय असे : उदाहरण पाच वेळा लिहून घ्यावे, पालकांना बोलवावे, बरोबर उत्तर फळ्यावर लिहून द्यावे, मुलाने ते गणित कसे सोडवले हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे. आपल्या पिढीच्या शिक्षकाचा हात पहिल्या पर्यायाकडे जातो, कारण तो स्वतः तसाच शिकला आणि त्याने तसेच शिकवले. परीक्षेला चौथा पर्याय हवा असतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून शिक्षणाचा सूर असा आहे की मूल ज्ञान स्वतः रचते आणि त्याची चूक ही त्याच्या विचाराची खिडकी असते.

पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची खिडकी उघडून पाहायला वेळ कुठून आणायचा, हा बाईंचा प्रश्न रास्त आहे. तो शिक्षण खात्याला विचारावा. उत्तरपत्रिकेत मात्र चौथ्या पर्यायाचाच गोल काळा करावा.

गंमत अशी की पुस्तकातल्या बऱ्याच सिद्धांतांना बाई रोज वर्गात भेटतात, फक्त त्यांची नावे ठाऊक नसतात. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी दाखवले की सहा वर्षांच्या मुलासमोर बुटक्या पेल्यातले पाणी उंच पेल्यात ओतले तर ते "आता पाणी जास्त झालं" म्हणते. दोन ते सात वर्षांच्या या टप्प्याला ते पूर्व-क्रियात्मक अवस्था म्हणतात. पहिलीच्या वर्गात डबा वाटताना मोडलेली पोळी "जास्त" दिसते म्हणून खूश होणारे मूल कोणत्या बाईंनी पाहिलेले नाही?

रशियाचे लेव्ह व्हायगॉट्स्की १९३४ साली अल्पवयातच वारले. त्यांची मांडणी अशी की मूल एकट्याने जे करू शकते आणि थोड्या मदतीने जे करू शकते, त्यांमधल्या जागेत खरे शिकणे घडते. मागे पडलेल्या मुलाला जरा पुढे असलेल्या मुलाशेजारी बसवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे तत्त्व वापरले आहे. कोलबर्ग यांचे नैतिक विकासाचे तीन स्तर किंवा हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलेली बहुविध बुद्धिमत्ता हेही असेच. गणितात कच्चा पण ढोलताशा पथकात ताल न चुकवणारा मुलगा आठवला की गार्डनर पाठ करावे लागत नाहीत.

म्हणून प्रत्येक सिद्धांतासमोर आपल्या वर्गातले एक मूल लिहून ठेवावे. नाव आणि मूल यांची जोडी जमली की प्रश्न कसाही फिरवून आला तरी उत्तर सापडते. इथे पंचविशीतल्या उमेदवारापेक्षा पन्नाशीतल्या बाईंचे पारडे जड असते.

हिंदी पेपरातले चकवे

आपण इंदूरकर हिंदी उत्तम बोलतो, त्यामुळे हिंदी प्रश्नपत्रिका सोपी जाईल असे वाटते. पण ज्यांचे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले त्यांना शास्त्रीय शब्द फसवतात. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत अभ्यास म्हणजे अध्ययन, हिंदीत सराव. हिंदीतला "अधिगम" म्हणजे आपले अध्ययन, "अभिप्रेरणा" म्हणजे प्रेरणा, "समावेशी शिक्षा" म्हणजे समावेशक शिक्षण, "पर्यावरण अध्ययन" म्हणजे परिसर अभ्यास.

गणितात हे जास्त जाणवते. "भिन्न" म्हणजे अपूर्णांक, "दशमलव" म्हणजे दशांश, "परिमाप" म्हणजे परिमिती, "समकोण" म्हणजे काटकोन, "न्यून कोण" म्हणजे लघुकोन, "अधिक कोण" म्हणजे विशालकोन. "अभाज्य संख्या" म्हणजे मूळ संख्या, "गुणनखंड" म्हणजे अवयव, "लघुत्तम समापवर्त्य" म्हणजे आपला लसावि, "महत्तम समापवर्तक" म्हणजे मसावि. "समचतुर्भुज" वाचून चौरस समजू नये, तो समभुज चौकोन. अशी दोन पानी यादी स्वतःच्या हाताने करून रोज एकदा नजरेखालून घातली तर पाच-सहा गुण सहज वाचतात.

वेळ कुठून काढायचा

शाळा, घर, वृद्ध सासू-सासरे आणि त्यावर सरकारी कामे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देता येतात. दोन वर्षांच्या या मुदतीत नेमकी जनगणनाही आली आहे. घरयादीचे काम २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष गणना २०२७ च्या फेब्रुवारीत. त्यामुळे "सुट्टीत बघू" म्हणून चालणार नाही.

सुरुवात पुस्तकाने करू नये, एका जुन्या प्रश्नपत्रिकेने करावी. सीटीईटीच्या संकेतस्थळावर जुने पेपर मिळतात. घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडवावा आणि विभागवार गुण लिहावेत. कुठे किती कमी पडते ते त्याच दिवशी कळते. मग रोज एक तास, त्यात दोन विभाग. विषयज्ञानासाठी जाडजूड गाइडांपेक्षा एनसीईआरटीची शालेय पुस्तके आधी वाचावीत, ती संकेतस्थळावर मोफत आहेत. रविवारी पुन्हा एक पूर्ण पेपर.

परीक्षेच्या खोलीतले तंत्रही शिकावे लागते. आपण वर्णनात्मक उत्तरे लिहून मोठे झालो. उत्तरपत्रिकेवरचे दीडशे बारीक गोल काळे करताना ओळ सरकली तर पुढची सगळी उत्तरे चुकतात. कोऱ्या उत्तरपत्रिकेची छापील प्रत आणून घरी सराव करावा. काही राज्यांची परीक्षा संगणकावर असते, तिथे माऊसचा सराव हवा. आणि परीक्षेच्या आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. साधी गोष्ट आहे, पण पन्नाशीत अडीच तास बारीक टाइप वाचायला तीच उपयोगी पडते.

नोकरीतल्या शिक्षकांनी पुन्हा अभ्यासाला बसण्याची ही पहिलीच वेळ नाही. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशिक्षण नसलेल्या शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळवायला सांगितले गेले. तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या पदविकेला देशभरातून दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी नाव नोंदवले. 'स्वयम' या सरकारी मंचावरचे धडे पाहून आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रात जाऊन त्यांनी अभ्यास केला.

घराने आणि मंडळाने काय करावे

अनुभवी शिक्षकाला अभ्यासापेक्षा लाज जास्त छळते. "बाई नापास झाल्या तर?" मुलांनी विचारले तर, पालकांना कळले तर, भिशीत विषय निघाला तर. कित्येक जण या भीतीपोटी अर्जच लपवून भरतात. मग अभ्यासही लपून होतो आणि अर्धाच होतो.

म्हणून घरच्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. गुण किती आले हे आपण होऊन विचारू नये. संध्याकाळचा एक तास बाईंच्या हातात पोळपाट-लाटणे येणार नाही, हे घराने ठरवून टाकावे. आणि मुलांनी आईला गणिताची दोन उदाहरणे रोज समजावून सांगावीत. आईला शिकवताना मुलांना शिक्षकाचा धीर कशाला म्हणतात ते कळेल.

मंडळाला करता येण्यासारखे बरेच आहे. शनिवारी दुपारी सभागृह रिकामे असते. तिथे आठ-दहा शिक्षक एकत्र बसून पेपर सोडवू शकतील. निवृत्त गणित शिक्षक आपल्यात आहेत, तरुण अभियंते आहेत, ग्रंथालय आहे. इतकी वर्षे ज्यांनी आपल्या मुलांना स्नेहसंमेलनासाठी तयार केले, त्यांच्यासाठी काही शनिवार देणे जड नाही.

आणि आदर्श शोधायला फार लांब जावे लागत नाही. अनुताई वाघ बालविधवा. प्रशिक्षित प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी करत त्या रात्रशाळेत बसल्या आणि १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पुढे ताराबाई मोडकांबरोबर बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालशिक्षण नेले. पदवी त्यांनी घेतली १९६१ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर. तोवर त्यांचे काम देशाला माहीत झाले होते, पदवीवाचून त्यांचे काही अडलेले नव्हते. तरीही त्या परीक्षेला बसल्या.

आपल्या बाईंवर परीक्षा लादली गेली आहे, अनुताईंनी ती निवडली होती, हा फरक आहेच आणि तो विसरू नये. मुदत कमी आहे आणि पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण एकदा वही उघडल्यावर बाकावर बसलेल्या मुलाला काय वाटते, हे पंचवीस वर्षांनी पुन्हा कळते. उत्तर येत असूनही वेळ संपतो, शेजारच्याचे पान भराभर उलटते, घंटा नको तेव्हा वाजते. हे अनुभवून सोमवारी वर्गात गेलेल्या बाई "इतकं सोपं कसं येत नाही?" असे मुलाला विचारण्याआधी नक्की थांबतील.

ज्या सभासद शिक्षकांना शनिवारच्या अभ्यासगटात यायचे असेल किंवा ज्यांना शिकवायला वेळ देता येईल, त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे. येताना सेवापुस्तिकेची प्रत आणि एक वही आणावी. पेन मंडळ देईल.